अकोल्याचा एप्रिल आणि खांद्यावरची शाल : सतत थंडी वाजण्याचं एक प्रकरण

एप्रिलचा दुसरा आठवडा. अकोल्यात दुपारचा पारा ४२ अंशांवर. कूलरच्या ताट्यांवरून पाणी ठिबकतंय, घरातले सगळे जेवून त्या हवेत आडवे झालेत, आणि घरातली ४१ वर्षांची बाई तिथून उठून आतल्या खोलीत शिलाई मशीनपाशी जाऊन बसते. खांद्यावर शाल. रात्री गच्चीवर बाकीचे उघड्यावर पडतात, ही गोधडी घेते. दवाखान्यात आल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "मले एप्रिलातही कूलरची हवा सोसत नाही, मॅडम. घरचे हसतात. हे दाखवण्यासारखं हाय का नाही, तेच समजत नव्हतं."

हे न समजणं अगदी खरं आहे. ताप असला तर थर्मामीटर सांगतो, दुखलं तर दुखणं सांगतं. थंडी वाजण्याला असा पुरावा नसतो, म्हणून माणूस महिनोन्‌महिने थांबतो. या बाईनेही पाच महिने काढले. (हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचं नाही. अशा रुग्णांमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र आणून ते मांडलं आहे. आकडे मात्र खऱ्या आजारात जसे येतात तसेच आहेत.)

पाच महिने कसे गेले

सुरुवात दिवाळीच्या सुमारास झाली. तेव्हा थंडीचेच दिवस होते, त्यामुळे कोणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं. जानेवारीत गल्लीतल्या एका आरोग्य शिबिरात बोटातून रक्त घेऊन हिमोग्लोबिन पाहिलं, ते ९.८ आलं. "रक्त कमी आहे" एवढं कळलं. मेडिकलमधून रक्तवाढीच्या टॉनिकच्या दोन बाटल्या आणल्या, गूळ-शेंगदाणे आणि बीट सुरू केलं. फेब्रुवारी संपता संपता घरातले सगळे स्वेटर पेटीत गेले, हिचा खुंटीवरच राहिला. मार्चमध्ये कात्री धरताना बोटांना मुंग्या येऊ लागल्या. हात गार म्हणून मुंग्या, असं तिनेच ठरवलं.

इथे एक खूण होती आणि ती घरातच होती. मागच्या उन्हाळ्यात कूलरसमोरची जागा हिची असायची. "मला इतरांपेक्षा जास्त थंडी वाजते" या तक्रारीला फारसं वजन नसतं. शरीरात स्नायू कमी असले तर उष्णता कमी तयार होते, म्हणून सडपातळ माणसांना, अनेक बायकांना आणि सत्तरी ओलांडलेल्यांना गारवा जास्त जाणवतो. एसी ऑफिसात एकाच टेबलावरच्या दोघांचं कधी जमत नाही, तेही यामुळेच. पण "मागच्या वर्षी मला जे सोसत होतं ते आता सोसत नाही" ही गोष्ट वेगळी. तुलना शेजारणीशी करायची नाही, स्वतःच्या मागच्या वर्षाशी करायची. तिथे फरक दिसला आणि तो तीन-चार आठवडे टिकला, तर दाखवायला जावं. सोबत आणखी एखादी तक्रार असेल (थकवा, बद्धकोष्ठ, वजनात फरक, पाळीत बदल, धाप) तर तेवढंही थांबू नये.

जाण्याआधी घरी काय पाहावं

आठवडाभर वहीत नोंदी केल्या तर डॉक्टरचं अर्धं काम होतं. थंडी वाजत असेल त्याच वेळी थर्मामीटर लावावा. हुडहुडी भरून ताप चढत असेल, म्हणजे पारा १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर जात असेल, तर तो सगळा निराळा विषय आहे. मलेरिया, लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया अशी ती वाट असते आणि त्यात आठवडाभर थांबायचं नसतं. जुन्या काचेच्या थर्मामीटरची मोजपट्टी साधारण ३५ सेल्सिअसपासून, म्हणजे ९५ फॅरनहाइटपासून सुरू होते. त्याखालचं तापमान तो दाखवतच नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसाचं अंग पोटाकडेही गार लागत असेल तर डिजिटल वापरावा.

सकाळी उठल्यावर अंथरुणातच मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. वजन आठवड्यातून एकदा करावं. थंडी सगळ्या अंगाला वाजते की फक्त हातापायांना, दोन्ही पायांना की एकाच, हे लिहावं. बोटं आधी पांढरी, मग निळसर, मग लाल होतात का, ते पाहून जमल्यास फोटो काढावा. तो रेनॉड नावाचा, गारव्यानं बोटांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जाण्याचा प्रकार असू शकतो आणि दवाखान्यात पोचेपर्यंत बोटं पुन्हा नेहमीसारखी होतात. चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्यावीत. ब्लडप्रेशर, मायग्रेन किंवा हात थरथरण्यासाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारख्या गोळ्यांनी हातपाय गार पडतात आणि नाडीही मंद होते. बायकांनी पाळीचे दिवस आणि रोजचे पॅड मोजावेत. "अंगावरून जास्त जातं" यापेक्षा "पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड, एकूण आठ दिवस, गुठळ्या" हे वाक्य कितीतरी जास्त सांगतं.

मधुमेह असणाऱ्यांनी एक गोष्ट न विसरता करावी. पाय गार वाटतात तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी हात लावून पाहायला सांगावं. हाताला पाय कोमट लागत असतील आणि तुम्हाला गार वाटत असतील, तर बिघाड नसांच्या संवेदनेत आहे. अशा पायांना गरम पाण्याची पिशवी लावली की भाजल्याचं कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी फोड दिसतो. त्यांनी पायमोजे घालावेत, पिशवी नाही.

थांबायचंच नाही असे प्रसंगही सांगून ठेवायला हवेत. एकच पाय किंवा हात अचानक गार, फिका पडला, दुखू लागला किंवा बधिर झाला, तर रक्तवाहिनीत गाठ अडकलेली असू शकते. तिथे हिशेब तासांचा असतो, साधारण सहा तासांच्या आत रक्तपुरवठा सुरू व्हावा लागतो. म्हातारं माणूस गार पडून गुंगीत जात असेल, किंवा थंडीबरोबर छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, चक्कर आणि डांबरासारखी काळी शौच असेल, तर त्याच वेळी इस्पितळ गाठावं.

तपासणीत काय दिसलं

बाईची उंची १५४ सेंमी, वजन ६१ किलो. वर्षभरापूर्वी ५६ होतं. भूक पूर्वीपेक्षा कमी, तरी वजन पाच किलोनं वाढलेलं. तापमान ९७.४, म्हणजे ठीकच. ब्लडप्रेशर १२८/९०. खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग फिका. नखं सपाट, कडांना चिरलेली. तांदूळ निवडताना मूठभर कच्चे तांदूळ तोंडात टाकायची सवय गेल्या सहा महिन्यांत लागली होती. माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ असं काही खावंसं वाटणं ही लोह कमी असल्याची जुनी आणि भरवशाची खूण आहे. लाजेनं कोणी आपणहून सांगत नाही, विचारावंच लागतं.

इथवर सगळं "रक्त कमी" या एका उत्तरात बसत होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये अ‍ॅनिमिया आढळला होता, देशात ५७ टक्के. निम्म्याहून अधिक बायकांना जे आहे ते हिलाही असणार, यात नवल नाही. आणि घोटाळा इथेच होतो. इतकं सहज सापडणारं उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो.

पुढचा प्रश्न नाडीने विचारला. ती मिनिटाला ५६ होती. रक्तात हिमोग्लोबिन कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात, म्हणून साडेनऊ हिमोग्लोबिनच्या माणसाची नाडी ८५, ९० अशी असावी. ती ५६ असेल तर शरीरात काहीतरी तिला मागे ओढतंय. नाडी मंद करणारी कुठलीही गोळी चालू नव्हती. मग बाईला खुर्चीवर गुडघे टेकून, पावलं कडेबाहेर सोडून उभं केलं आणि टाचेमागच्या स्नायुबंधावर हातोडी मारली. पाऊल झटक्यात खाली गेलं, पण परत येताना रेंगाळलं, जणू कोणी हळूच धरून ठेवलंय. निरोगी माणसात जाणं आणि येणं जवळजवळ सारख्याच वेगानं होतं. हातांची कातडी कोरडी, भुवयांची बाहेरची टोकं विरळ, आवाज जरा घोगरा, गळ्यात गिळताना वरखाली होणारी थोडी टणक सूज. मनगटावर टिचक्या मारल्या की अंगठ्यापासूनच्या तीन बोटांत झिणझिण्या. मुंग्यांचं कारण गारवा नव्हतं, मनगटात दबलेली नस होती, आणि तेही थायरॉइड मंदावल्यावर होतं.

बाळंतपणांबद्दलही विचारलं. बाळंतपणात खूप रक्त गेलं, नंतर दूध आलं नाही, पाळी परत सुरू झाली नाही, असं सांगणाऱ्या बाईला सतत थंडी वाजत असेल तर दोष मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत असू शकतो. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरीचं संप्रेरक, थायरॉइड स्वतः मंदावला की ते वाढतं. पण दोष पिट्युटरीतच असेल तर नुसती टीएसएचची तपासणी नॉर्मल येते आणि फसवते, म्हणून फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइडच्या स्वतःच्या संप्रेरकाची तपासणी, सोबत मागवावी. अशा रुग्णाला आधी स्टेरॉइड द्यावं लागतं. थेट थायरॉइडची गोळी दिली तर प्रकृती ढासळते. हिची दोन्ही बाळंतपणं सुखरूप होती.

कोणत्या तपासण्या, आणि काय आलं

पन्नास-साठ चाचण्यांच्या पॅकेजची इथे गरज नव्हती. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच, फ्री टी-फोर, उपाशीपोटी साखर, क्रिएटिनीन (मूत्रपिंडासाठी) आणि बी-१२ एवढ्यावर काम झालं. शाकाहारी माणसात बी-१२ पाहायलाच हवं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवाव्यात, कारण त्या थायरॉइडच्या चाचणीचे आकडे बिघडवतात.

हिमोग्लोबिन ९.४. म्हणजे टॉनिकच्या दोन बाटल्या संपवूनही जानेवारीपेक्षा खालीच. लाल पेशींचा आकार, अर्थात एमसीव्ही, ७६ (८० च्या खाली म्हणजे पेशी लहान). लाल पेशींची संख्या ३९ लाख. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने, दशलक्षात घेऊन, भागलं की ७६ भागिले ३.९, साधारण १९.५ येतात. हा आकडा १३ च्या वर असेल तर कल लोहाच्या कमतरतेकडे, खाली असेल तर थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे लाल पेशी लहान ठेवणाऱ्या सौम्य आनुवंशिक दोषाचा, विचार करायचा. फेरिटिन ७, म्हणजे लोहाचं कोठार रिकामं. बी-१२ आणि साखर ठीक. टीएसएच ३८, फ्री टी-फोर ०.६, म्हणजे कमी. टीएसएचची वरची मर्यादा बहुतेक प्रयोगशाळांत ४ ते ५ असते. नंतर केलेली अँटी-टीपीओ चाचणी (थायरॉइडविरुद्धच्या प्रतिपिंडांची) जोरदार पॉझिटिव्ह आली. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला हा आजार, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीवर उलटते.

दोन आजार एकाच वेळी येणं हा योगायोग कमी आणि साखळी जास्त आहे. थायरॉइडचं संप्रेरक पेशींमधलं इंधन जाळण्याचा वेग ठरवतं. ते कमी झालं की उष्णताच कमी तयार होते, आणि असलेली वाचवायला शरीर कातडीकडचं रक्त आवरतं, म्हणून हात गार. थायरॉइड मंदावला की पाळीचा रक्तस्रावही वाढतो. निरोगी रक्ताच्या दर मिलिलिटरमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. दर महिन्याला १०० मिलिलिटर गेलं तर जेवणातून मिळणारं लोह ते भरून काढू शकत नाही. आणि थायरॉइडमध्ये संप्रेरक तयार करणाऱ्या एन्झाइमलाच लोह लागतं, त्यामुळे लोह संपलं की तिथलं कामही आणखी अडतं. पोटाच्या सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली नाही. हाच अ‍ॅनिमिया पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत असता तर पोटातून रक्त कुठे जातंय हे शोधल्याशिवाय गोळ्यांवर थांबणं चूक ठरलं असतं.

उपचार आणि मध्येच झालेली चूक

थायरॉक्सिनचा, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाच्या गोळीचा, पूर्ण डोस ढोबळमानाने वजनाच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम धरतात. ६१ किलोला तो शंभराच्या जवळ जातो. ईसीजी ठीक होता, तरी अ‍ॅनिमियामुळे हृदयावर आधीच ताण, म्हणून ७५ ने सुरुवात केली. साठीपुढच्या किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला १२.५ किंवा २५ पासून चढावं लागतं. शेजारणीच्या डोसवरून आपला ठरवू नये, ते याचसाठी.

लोहाचा हिशेब लोकांना नेहमी चकित करतो. वजन ६१, हिमोग्लोबिन ९.४ वरून १५ पर्यंत न्यायचं आणि कोठारासाठी ५०० मिलिग्रॅम वेगळे धरायचे, तर एकूण तूट सुमारे १३०० मिलिग्रॅम येते. रोजच्या जेवणातून आतडं जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह घेतं आणि तेवढं रोजच्या झिजेत जातं. म्हणून गूळ, खजूर, बीट खावेत, लोखंडी कढई वापरावी, पण फेरिटिन ७ असताना त्यांच्या भरवशावर राहू नये. १०० मिलिग्रॅम लोहाची एक गोळी दिवसातून एकदा दिली. दोनदा घेऊन लवकर भरत नाही. गोळी घेतली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि पुढचे साधारण २४ तास आतडं लोह घ्यायला कुरकुरतं. पोटाला झेपत नसेल त्यांना एक दिवसाआड गोळीही चालते. शौचाचा रंग काळपट होईल हे आधीच सांगून ठेवलं, नाहीतर माणूस घाबरून गोळ्या बंद करतो.

सात आठवड्यांनी, जूनमध्ये, हिमोग्लोबिन १०.९ झालं होतं. टीएसएच मात्र २१. थंडी थोडीशीच कमी. घरच्यांना वाटलं गोळी कमी पडतेय, डोस वाढवा. डोस वाढवण्याआधी तिला विचारलं, गोळी घेता कशी, अगदी उठल्यापासून सांगा. सकाळी सहाला दोन्ही गोळ्या एकदम, "म्हणजे विसरायचं काम नाही." आणि दहा मिनिटांनी दुधाचा चहा.

लोह थायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतं आणि ते आतड्यातून आत जाऊ शकत नाही. वजनाकडे पाहा : एक गोळी ७५ मायक्रोग्रॅमची, दुसरी १०० मिलिग्रॅमची, म्हणजे तेराशे पटीहून जास्त. म्हणून लोहाचं फारसं बिघडलं नाही, हिमोग्लोबिन चढत राहिलं, आणि मार सगळा थायरॉइडच्या गोळीला बसला. तेव्हा डोस वाढवला असता आणि पुढे कधी गोळ्यांची वेळ आपोआप बदलली असती, तर तोच डोस जास्त होऊन छातीत धडधड सुरू झाली असती.

डोस तोच ठेवला, घड्याळ बदललं. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर साध्या पाण्याबरोबर, चहा तासाभरानं. लोहाची गोळी रात्री जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. दोन गोळ्यांमध्ये किमान चार तास, आणि कॅल्शियमच्या गोळीलाही हाच नियम. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नाही. गोळ्यांची बाटली ओट्यावर शेगडीजवळ असायची, ती कोरड्या कपाटात गेली, कारण उष्णतेनं आणि दमटपणानं थायरॉक्सिन कमजोर होतं. टीएसएच पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनीच पाहायचं. त्याआधी पाहिलं तर आकडा अर्ध्या वाटेवर असतो आणि उगाच डोस बदलले जातात.

ऑगस्टमध्ये टीएसएच ५.८, हिमोग्लोबिन १२.१. डोस ८८ केला. पाळी पाच दिवसांवर आली होती. ऑक्टोबरच्या उन्हात टीएसएच २.४, हिमोग्लोबिन १२.६, फेरिटिन ३१. वजन ५८. कच्च्या तांदळाची ओढ पहिल्या महिन्यातच गेली होती, मुंग्या जायला मात्र चार महिने लागले. थंडी एका दिवशी गेली असं झालं नाही. आधी रात्रीची गोधडी सुटली, मग शाल, आणि पाऊस उघडल्यावर एका दुपारी मशीनवर बसताना तिने पंखा तीनवर केला.

हिमोग्लोबिन १२ च्या वर गेल्यावरही लोहाच्या गोळ्या आणखी तीन महिने ठेवायच्या आहेत, नाहीतर कोठार अर्धवट भरून पुन्हा तेच. थायरॉइडची गोळी कायम, टीएसएच सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा. हाशिमोतो घराण्यात चालतो, म्हणून तिच्या दोन्ही बहिणींना टीएसएच करायला सांगितलं आहे. सोबत आलेल्या १४ वर्षांच्या मुलीचं हिमोग्लोबिन पाहिलं, ते १०.६ निघालं. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, पण उपाशीपोटी घेतली की मळमळतं म्हणून ती कंपासपेटीतच राहते, असं तिने सांगितलं. पेटी उघडून दाखवली, सात गोळ्या होत्या. त्या जेवणानंतर घ्यायला सांगून सुटणार नव्हतं : आठवड्याची गोळी कमतरता होऊ नये म्हणून असते, झालेली कमतरता भरायला रोजचा डोस लागतो. तो त्याच दिवशी सुरू केला, रात्रीच्या जेवणानंतर, आईच्या गोळीच्या वेळेला.